जुनी एमटीबी उभी करायची की नवी घ्यायची?

थंडी पडायला लागली की गच्चीवरच्या आणि जिन्याखालच्या सायकलींची आठवण होते, आणि आमच्याकडे पत्रं यायला लागतात. या वेळी बहुतेकांची अडचण एकच आहे : हौसेनं घेतलेली माउंटन बाइक (एमटीबी) कित्येक वर्षं धूळ खात पडली, आता पुन्हा माळावर जायचं मनात आहे, पण दुकानदार एक सांगतो आणि घरचे दुसरंच. त्यातली निवडक पत्रं थोडक्यात करून, उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : वय ४७, वजन ८२ किलो. २०११ साली घेतलेली २६ इंची, २१ गिअरची, पुढं सस्पेन्शन आणि व्ही-ब्रेक असलेली ॲल्युमिनियमची सायकल नऊ वर्षं गच्चीवर पडून आहे. रविवारी सकाळी हिप्परगा तलाव आणि पुढच्या शेतरस्त्यांवर फिरायचं आहे. दुकानदाराचा अंदाज : टायर-ट्यूब २,४००, फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्या) आणि चेन १,७००, केबल ६००, बीबी (पॅडल ज्यावर फिरतात ते फ्रेममधलं बेअरिंग) ९००, ब्रेक शू ४००, नवा सस्पेन्शन चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) ३,२००, रंगकाम १,५००, मजुरी १,२००. एकूण ११,९००. मुलगा म्हणतो, आणखी सहा हजार घातले तर २९ इंची डिस्क ब्रेकची नवी कोरी येते. काय करू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : यादीतले चिमटा आणि रंगकाम हे दोन आकडे आधी खोडा. राहिले ७,२००. त्यातलं बीबी हातानं तपासून ठरवायचं, फ्रीव्हील आणि चेन मोजून ठरवायची. टाळता न येणारा खर्च फक्त ४,६०० चा : टायर-ट्यूब, केबल, ब्रेक शू आणि मजुरी. नऊ उन्हाळे गच्चीवर काढलेलं रबर आणि आतून गंजलेली केबल, यांना दुरुस्ती नाही.

दुकानात नेण्याआधी तासभर काढून तपासणी घरीच करा. फ्रेम ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा, टॉर्च तिरका धरा आणि चार जागा बघा : हँडलच्या नळीला खालची तिरकी नळी जोडते ते वेल्ड, सीटच्या क्लॅम्पखाली नळीला पाडलेली चीर जिथं संपते ती जागा, बीबीच्या भोवतालचे जोड आणि मागचा एक्सल बसतो ते ड्रॉपआऊट. रंगावरचा ओरखडा कुठंही असतो आणि कसाही वाकडा जातो. वेल्डच्या कडेकडेनं जाणारी, नखाला अडकणारी आणि पुसली तरी काळीच राहणारी रेघ म्हणजे तडा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तडा असेल तर विषय संपला. वेल्डिंगवाला जोडून देईल, पण वेल्डच्या उष्णतेनं आजूबाजूचा धातू मऊ पडतो, आणि त्याला पुन्हा ताकद देणारी उष्णता-प्रक्रिया गल्लीतल्या दुकानात होत नाही. तोच जोड महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा उघडतो, आणि तोही उतारावर.

फ्रेम धड निघाली तर पुढं चाकं. तुमच्या सायकलला बहुधा आट्यांवर बसणारं ७ चकत्यांचं फ्रीव्हील आहे, हबवर सरकवून बसवायची कॅसेट नाही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या गाभ्यात) उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात, त्यामुळं एक्सलचा तेवढा तुकडा आधाराविना राहतो. ८२ किलोच्या माणसानं खड्ड्यातून नेली की तो तिथंच वाकतो. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. टोक गोल फिरण्याऐवजी डगमगत असेल तर एक्सल वाकला आहे. तो बदलणं स्वस्त आहे, पण न पाहता पुढं जाऊ नका. हब उघडलाच आहे तर छर्रे सगळेच नवे घाला : मागच्या हबला प्रत्येक बाजूला पाव इंचाचे ९, पुढच्याला ३/१६ इंचाचे १०. जुन्या-नव्यांची मिसळ करू नका; मापातला केसाएवढा फरकही सगळा भार दोन-तीन छर्‍यांवर आणतो. नऊ वर्षांत ग्रीस वाळलेल्या डिंकासारखं झालेलं असतं. ते डिझेलमध्ये भिजवून काढा, कोरडं पुसा, मग नवं भरा. पुसायला टॉवेलच्या कारखान्यातली चिंधी उत्तम, आणि ती सोलापुरात मिळत नाही असं होणार नाही. कोनवर (एक्सलवरच्या, छर्‍यांना दाबून धरणार्‍या नटावर) खड्डे पडलेले दिसले तर कोनही बदला. कोन घट्ट करताना एक्सल सहज फिरला पाहिजे आणि रिम धरून हलवलं तर खुळखुळ येता कामा नये. क्विक रिलीज (लिव्हरनं आवळायचं चाक) असेल तर किंचित ढिला ठेवा; लिव्हर आवळल्यावर तेवढा खेळ आपोआप जातो.

चेन टाकून देण्याआधी मोजा. चेन ताणून पट्टी लावा आणि एका पिनेपासून पुढच्या विसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बघा. नव्या चेनमध्ये ते २५४ मिमी असतं. २५६ झालं की चेन संपली. २५६.५ च्या पुढं गेलं तर तिनं फ्रीव्हीलचे दातेही खाल्लेत, दोन्ही एकत्र बदला. नाहीतर नवी चेन चढावर सटासट सटकते. उलट अंतर २५५ च्या आत असेल तर सायकल मुळात फार चाललेलीच नाही. चेन गंजून ताठ झाली असेल तर नवी घ्या, पण फ्रीव्हीलला हात लावू नका.

बीबीसाठी चेन चकतीवरून खाली काढा आणि क्रँक (पॅडलचा दांडा) मोकळा फिरवा. गुळगुळीत फिरतोय आणि आडवा हलत नाही, तर ९०० रुपये वाचले. उघडावाच लागला तर उजवा कप उलट्या आट्यांचा असतो हे कारागिराला माहीत आहे ना, एवढं बघा. घड्याळाच्या दिशेनं सुटतो. उलट जोर लावून आटे गेले तर चांगली फ्रेम भंगारात जाते.

टायर घेताना कडेला ५५९ हा आकडा छापलाय का ते वाचा. ‘२६ × १ ३/८’ लिहिलेलं टायर साध्या सायकलीचं, ५९० मिमीच्या रिमचं असतं. तुमच्या रिमवर ते बसत नाही. तुम्हाला ‘२६ × १.९५’ किंवा ‘२६ × २.१’ असं दशांशात लिहिलेलं हवं. केबल बदलताना आऊटरही (केबलवरचं आवरण) बदला, आणि ब्रेकला गिअरचा आऊटर लावू देऊ नका. गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीच्या दिशेनं सरळ असतात. ब्रेक जोरात दाबला की तो फुटून उघडतो. ब्रेकच्या आऊटरमध्ये तार गुंडाळलेली असते म्हणून तो दाब सोसतो.

चिमट्याची गोष्ट वेगळी. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा आणि चिमट्याची आतली नळी जिथं बाहेरच्या पायात शिरते तिथं बोट ठेवा. तिथं खटखट जाणवली तर बुश झिजलेत. हँडलच्या नळीच्या बुडाशी जाणवली तर हेडसेट (हँडलच्या नळीतलं बेअरिंग) फक्त आवळायचा आहे. नळीवर गंजाचे खड्डे असतील किंवा चिमटा दबतच नसेल, तर ३,२०० चा स्प्रिंगचा चिमटा घालण्यापेक्षा साधा सरळ पोलादी चिमटा घाला. वजन कमी होतं, बिघडायला काही उरत नाही. फक्त एक्सलपासून वरच्या खांद्यापर्यंतची लांबी जुन्यापेक्षा १५ ते २० मिमी कमी असावी, कारण सस्पेन्शनवर बसल्यावर ते तेवढं दबतच होतं. आपल्याकडचा माळ, मुरूम आणि कालव्याकडचे रस्ते यांना लांब सस्पेन्शन लागत नाही. रुंद टायर आणि बरोबर हवा पुरते.

आता १८ हजारांची नवी. तिला चाकं मोठी आहेत आणि डिस्क ब्रेक केबलवर चालणारा आहे, एवढं खरं. पण या किमतीच्या बहुतेक सायकलींत तेच आट्यांचं ७ चकत्यांचं फ्रीव्हील, तसाच स्प्रिंगचा चिमटा आणि पंधरा-सोळा किलो वजन असतं. जुन्यातले दुखणारे भाग नवे होऊन येतात, बदलत नाहीत. खरा फरक पडतो तो हवेचा चिमटा, फ्रीहबवरची कॅसेट, पुढं एकच चकती, हायड्रॉलिक ब्रेक आणि ट्यूबलेस चालणारी रिम एकत्र मिळाल्यावर, आणि ते साधारण ५० हजारांच्या पुढं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणून जुने भाव धरून बसू नका. तरीही मधल्या पट्ट्यात पैसे घालू नका असंच सांगू. फ्रेम धड असेल तर पाच-सहा हजारांत जुनी उभी करा आणि होळीपर्यंत चालवा. दर आठवड्याला बाहेर पडणं झालं तर वरची घ्या, जुनी भाजीला आणि मुलाला होते. नाही झालं तर पन्नास हजार वाचले.

प्रश्न : माझ्याकडे २६ इंची डिस्क ब्रेकची ॲल्युमिनियम सायकल आहे, आठ चकत्या मागं, तीन पुढं. तीच ठेवून २९ इंची चाकं, हवेचा १२० मिमी चिमटा आणि पुढं एकच चकती करायची आहे. थोडं थोडं करत गेलो तर जमेल का?
— एक विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : नाही. थोडं थोडं करत नव्या सायकलीचे पैसे जातात आणि हातात जुनीच सायकल राहते.

हिशेब बघा. टायर बसतं तिथला रिमचा व्यास २६ ला ५५९ मिमी, २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२. म्हणजे २९ लावलं तर त्रिज्या साडेएकतीस मिमी वाढते. मागं चेनस्टेमधल्या (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या नळ्यांमधल्या) पुलाला आणि पुढं चिमट्याच्या कमानीला टायर घासतं. ‘मग २७.५ लावतो’ असं म्हणाल, तर ते बारीक टायरसह कधी कधी बसतं, पण २७.५ × १.७५ ची बाहेरची उंची सुमारे ६७३ मिमी होते आणि २६ × २.३ ची सुमारे ६७६. चाकांवर पैसे घालून उंची तीन मिमीनं कमी झाली.

चिमट्याचं असं : तुमच्या फ्रेमची हँडलची नळी सरळ असेल तर खाली रुंद होणारा आजचा चिमटा त्यात जात नाही. सरळ नळीचा हवेचा चिमटा मिळाला, तर त्याला कधी कधी आरपार जाणारा १५ मिमी एक्सल असतो, म्हणजे पुढचा हबही नवा. शिवाय १०० च्या जागी १२० लावलं की हँडलचा कोन साधारण एका अंशानं आडवा पडतो आणि बीबी वर जातं. चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं. पुढं एकच चकती करायला मागं मोठी कॅसेट लागते, तिला लांब पिंजर्‍याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), त्याला जुळणारा शिफ्टर, अरुंद-रुंद दात्यांची चकती. तुमच्या क्रँकच्या चकत्या रिव्हेट मारलेल्या असतील तर क्रँकही नवा.

त्यापेक्षा सात-आठ हजारांत एवढंच करा : फ्रेममध्ये बसेल तेवढी रुंद, २.२ किंवा २.३ ची चांगली टायर. ७२० मिमीचं हँडल आणि ६० मिमीचा स्टेम (हँडल पुढं धरणारा आखूड तुकडा). जुन्या ५८० च्या हँडलवर आणि १०० च्या स्टेमवर वजन सगळं पुढं पडतं, ते या दोन भागांनी मागं येतं. हँडलचा मधला व्यास २५.४ आहे की ३१.८ हे पाहूनच स्टेम घ्या. हँडल रुंद झालं की केबल आखूड पडते, तेव्हा आऊटरही नवा कापावा लागेल. स्टेमचे बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटर, चारही थोडे थोडे फिरवत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, उंची पाच फूट एक इंच. लग्नाआधी भरपूर सायकल चालवायची. आता भावाची १९ इंची फ्रेमची एमटीबी मिळतेय, चांगल्या अवस्थेत, फुकट. सीट सगळ्यात खाली घेऊन चालवून पाहिली. अर्ध्या तासात मनगटं आणि मान दुखली. सर्व्हिसिंग केल्यावर सवय होईल का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : ताई, ही सायकल तुमच्या मापाची नाही आणि सर्व्हिसिंगनं माप बदलत नाही. फुकट असली तरी महाग पडेल.

सीट खाली घेतल्यानं पाय टेकतात, पण सीट ते हँडल हे अंतर तेवढंच राहतं. शरीर पुढं लांबतं आणि भार मनगटांवर येतो. शिवाय सीट फार खाली असल्यानं गुडघा पूर्ण वाकतो. ते दुखणं दोन आठवड्यांनी येईल. स्टेम ९० वरून ५० केला तर हात चार सेंटिमीटर जवळ येतील. इथं गरज त्याहून बरीच जास्त आहे.

तुमच्या उंचीला १४ ते १५.५ इंची, म्हणजे एस मापाची फ्रेम बघा. दुकानात पावलं सपाट टेकून वरच्या नळीवर उभ्या राहा. नळी आणि शरीर यांत किमान दोन इंच मोकळे हवेत, कारण माळावर अचानक उतरताना जमीन सपाट नसते. मग सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सर्वांत खाली न्या : गुडघा सरळ झाला पाहिजे. चवड्यानं पॅडल मारताना तोच किंचित वाकलेला राहतो, ती तुमची सीटची उंची. छोट्या मापात कंपन्या बर्‍याचदा २७.५ ची चाकं देतात. ‘२९ च घ्या, तेच चालतंय’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पंधरा-अठरा हजारांची, पण मापाची घेतलेली तुम्हाला भावाच्या सायकलीपेक्षा लांब नेईल.

प्रश्न : पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट अडकला आहे. गरम पाणी ओतलं, गॅसकटरवाल्याकडून तापवूनही पाहिलं. हलत नाही. फ्रेम टाकायची का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : तापवणं थांबवा, त्यानंच तो जास्त आवळतो. ॲल्युमिनियम उष्णतेनं पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. आतला पोस्ट बाहेरच्या नळीपेक्षा अधिक वाढतो. उलट करायचं. क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढा, सायकल उलटी करा आणि बीबी काढून त्या बाजूनं नळीत पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. सीटकडूनही सोडा, दोन-तीन दिवस रोज. मग पहाटे, गारव्यात, बर्फ फडक्यात बांधून पोस्टच्या बाहेरच्या भागावर पंधरा-वीस मिनिटं धरा. सीट काढून पोस्टचं डोकं मोठ्या व्हाइसमध्ये पकडा आणि फ्रेमच हातात धरून फिरवा. दांडा म्हणून फ्रेम जेवढी लांब आहे तेवढा जोर कुठल्याही पान्याला येत नाही. वर ओढू नका, आधी फिरू द्या. ‘कट्’ असा आवाज आला की सुटला. नाही सुटला तर पोस्ट कापून आतून हॅकसॉच्या पात्यानं उभी चीर पाडायची, हे शेवटचं आणि कंटाळवाणं काम. नवा पोस्ट घालताना ग्रीस लावा. जुन्या पोस्टवर कोरलेलं माप वाचून तेच घ्या, ०.२ मिमीचा फरकही चालत नाही.

प्रश्न : पहिल्या पावसात शेतरस्त्यानं गेलो. चाकं चिखलानं जाम झाली, मी जोर लावला, मागचा डिरेलर तुटून तारांत गेला. दुकानदार म्हणतो फ्रेमच वाकली, नवी घ्या. सायकल चार वर्षांचीच आहे.
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : तुटलाय तो हँगर असण्याची शक्यता जास्त. डिरेलर फ्रेमला थेट नाही, एका छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला बसतो. फ्रेम वाचावी म्हणून ती मुद्दाम आधी तुटण्यासारखी केलेली असते. ड्रॉपआऊटच्या आतल्या बाजूनं एक-दोन छोटे बोल्ट दिसले तर ती पट्टी सुटते. ती शेकडो आकारांत येते, तेव्हा तुटलेले तुकडे आणि मॉडेलचं नाव घेऊनच दुकानात जा, आणि मिळाली की दोन घ्या. फ्रेम खरंच वाकली का ते बघायला हँडलच्या नळीपासून दोरा काढून मागच्या दोन्ही ड्रॉपआऊटपर्यंत न्या आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं आलं तर फ्रेम सरळ आहे. पोलादी फ्रेमला हँगर अंगचाच असेल तर तो गेजनं सरळ करता येतो. ॲल्युमिनियमचा अंगचा असेल आणि तुटला असेल, तर मात्र दुकानदार बरोबर.

डिरेलर नवा लावल्यावर ‘एल’ लिहिलेला स्क्रू आधी लावून घ्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या चकतीच्या पलीकडे चेन तारांत जाणार नाही. तारांवर वळ उठले असतील तर तेवढ्या बदला आणि चाकाचा आऊट (डगमग) काढून घ्या.

आणि काळ्या रानाचं तंत्र : ओली काळी माती टायरवर थर देत जाते, चेनस्टेजवळ साचते आणि त्यात काडीकचरा मिसळला की चाक थांबतं. चेन चिखलात अडकलेली असताना पॅडलवर उभं राहिलं की डिरेलर पुढं ओढला जाऊन तुटतो. चाक जड लागलं की उतरा, काडीनं माती काढा, सायकल खांद्यावर घ्या. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस काळ्या रानात जाऊच नका. मुरमाचा माळ त्याच दिवशी चालतो. गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोर्‍या वाळल्या की त्यांच्या कडांवरही सांभाळा, पुढचं चाक त्यात अडकून माणूस आडवा होतो.

प्रश्न : दर फेरीला दोन-तीन पंक्चर. सायकल जुनी, रिमही जुन्या. ट्यूबलेस करून घेऊ का, की यासाठी नवी सायकल घ्यावी?
— एक वाचक, बाळे

उत्तर : फक्त पंक्चरसाठी नवी सायकल घेऊ नका. तुमचे दोन शत्रू आहेत : पावसाळा संपला की वाळून रस्त्याकडेला पसरणारे सराटे आणि बाभळीचा लांब काटा. सराटा टायरमधून जेमतेम ट्यूबपर्यंत पोचतो, बाभळीचा काटा कधी कधी ट्यूबच्या दोन्ही बाजू भोकसतो. म्हणून एक भोक सापडलं की पंक्चर काढून मोकळं होऊ नका, समोरची बाजूही पाण्यात बुडवा.

जुन्या साध्या रिमवर ट्यूबलेस करू नका. रिमच्या आत टायरची कड अडवणारी खाच नसते. कमी हवेत वळताना कड सुटते आणि हवा एकदम जाते. तुमच्यासाठी ट्यूबमध्येच सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) बरं. वॉल्वचा आतला भाग चावीनं निघतो अशी ट्यूब घ्या, २६ × २.१ ला सुमारे १०० मिली घाला, चाक फिरवून घ्या. सराट्याच्या भोकाला ते पुरतं, बाभळीच्या मोठ्या भोकाला नेहमी नाही. लॅटेक्सचं सीलंट उन्हानं वाळतं. मार्च ते मे सोलापुरात सहा-आठ आठवड्यांनी वॉल्व उघडून बघा, आत पातळ राहिलंय का. सायकल गच्चीवर ठेवत असाल तर त्याहून लवकर.

पंक्चर काढताना टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. बोटाला न लागणारं काट्याचं टोकही कापसाला धागा अडकवून दाखवतं. तेच एक टोक तीन-तीन पंक्चर करत असतं. प्लास्टिकच्या पट्ट्या टायरमध्ये घालण्याचा उपाय आहे, पण पट्टीची टोकं ट्यूबला घासतात. कडा सँडपेपरनं गोल करून टोकांवर जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. हवेचं म्हणाल तर ७० किलोच्या माणसाला पुढं ३० आणि मागं ३४ पीएसआय. साठ पीएसआय भरून माळावर गेलं की चाक दगडांवर उडतं आणि पकड जाते.

माळढोक अभयारण्याच्या हद्दीत सायकल घालू नका, काट्यांपेक्षा वनखात्याचा दंड महाग.

प्रश्न : हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची सायकल पाच वर्षं भिंतीला उलटी टांगली होती. लिव्हर हँडलला टेकते, ब्रेक लागत नाही. सेट बदलायचा का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : आधी सायकल एक रात्र सरळ उभी ठेवा आणि लिव्हर पन्नासेक वेळा हळूहळू दाबा. उलटी टांगल्यानं टाकीतली हवा नळीत गेलेली असते. कधी कधी एवढ्यानंच ब्रेक परत येतो. नाही आला तर ब्लीड करा, म्हणजे नळीतली हवा काढून तेल भरा. तेल कुठलं ते लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. शिमानो आणि टेक्ट्रोला मिनरल ऑइल लागतं, एसरॅमच्या बर्‍याच जुन्या ब्रेकना डॉट फ्लुइड. मोटारसायकलचं डॉट ऑइल मिनरलच्या ब्रेकमध्ये घातलं की रबरी सील फुगून ब्रेक कायमचा जातो. गल्लीतल्या गॅरेजात हे नेमकं घडतं, म्हणून बाटली स्वतः घेऊन जा.

ब्लीड झाल्यावर लिव्हर दाबून धरा आणि कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणार्‍या भागाच्या) सांध्यांवर पांढरा टिश्यू फिरवा. ओला झाला तर सील गेलंय. स्वस्त ब्रेकला सुटं सील मिळत नाही, तेव्हा त्या चाकाचा सेट बदला, दोन्ही नाही. तेल लागलेले पॅड घासून वापरू नका, नवे घ्या. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, बर्‍याच ठिकाणी १.५ मिमी, त्याहून पातळ असेल तर तीही. नवे पॅड लावल्यावर मोकळ्या सपाट रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, पूर्ण न थांबता, ब्रेक दाबत वेग कमी करा. तोवर तुळजापूरच्या घाटाकडे जाऊ नका.